फ्लॉरेन्समधील एक दिवस : कोल्हापूरच्या प्रवाशासाठी

युरोपच्या सहलीत इटलीसाठी जे थोडे दिवस मिळतात, त्यांपैकी फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा एकच येतो, आणि सहल कंपनीच्या कार्यक्रमात तर तो एकही पुरता मिळत नाही. बस शहराबाहेर उभी राहते, मार्गदर्शकाच्या छत्रीमागून मंडळी कॅथेड्रलपर्यंत चालत जातात, छायाचित्रे काढतात आणि जेवणाच्या वेळेला पुन्हा बसमध्ये बसतात. कोल्हापूरहून जाणाऱ्या माणसाने मात्र हा एक दिवस स्वतःच्या हातात ठेवावा, असे मला मनापासून वाटते. तेराव्या-चौदाव्या शतकात व्यापारी आणि कारागिरांनी घडवलेले शहर आजही त्याच गल्ल्यांतून पायी पाहता येते, हे याचे एक कारण. दुसरे कारण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. या शहराच्या पश्चिम टोकाला आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम आहे, आणि त्या संगमावर करवीरच्या छत्रपती राजाराम महाराजांचे स्मारक उभे आहे. संग्रहालयांचा मोह आवरला, तर या दोन्ही गोष्टी एका दिवसात नीट पाहून होतात. तो आवरला नाही, तर दिवस रांगांत जातो आणि संगमापर्यंत पोहोचणे राहून जाते. पुढील आखणी हेच ध्यानात ठेवून केली आहे.

तयारीचा पहिला भाग कोल्हापुरातच उरकता येतो. राजाराम महाराज १८६६ साली गादीवर आले आणि १८७० साली युरोपच्या प्रवासाला निघाले. इंग्लंडचा मुक्काम आटोपून ते मध्य युरोपातून इटलीत उतरत असताना आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे वीस वर्षांचे होते. पुढे १८७४ साली दहनाच्या जागी जे स्मारक पूर्ण झाले, त्याची छत्री मेजर चार्ल्स मॅन्ट यांनी रेखाटली. आपल्या भाऊसिंगजी रस्त्यावरील टाऊन हॉल आणि नवीन राजवाडा हे याच मॅन्ट यांचे काम आहे. निघण्यापूर्वी एक सकाळ काढून या दोन्ही इमारतींच्या कमानी, घुमट आणि छत्र्या लक्षपूर्वक पाहून ठेवाव्यात, म्हणजे फ्लॉरेन्सला गेल्यावर त्याच हाताची ओळख पटेल. टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्तीही अवश्य पाहावी. रोमन जगाशी असलेल्या व्यापारातून ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठी आली, आणि त्याच देवाची भलीमोठी संगमरवरी मूर्ती फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात आपल्याला दुपारी भेटणार आहे.

व्हिसा आणि विमान यांची माहिती सर्वत्र मिळते, म्हणून तिच्यात येथे जात नाही. एवढेच सांगतो की भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा आवश्यक असतो. सोबत खाऊ नेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की मांसाचे व दुधाचे पदार्थ प्रवाशाने बाहेरून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे आणि तूप घरीच ठेवावे. कोरडी शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी मात्र खुशाल न्यावी.

दिवस निवडताना रविवार टाळावा. सकाळच्या प्रार्थनांमुळे कॅथेड्रल पर्यटकांना बंद असते, शहरातला जुना बाजार भरत नाही आणि महिन्याचा पहिला रविवार असेल तर सरकारी संग्रहालये विनामूल्य असल्यामुळे गर्दी उसळते. बार्जेल्लो या संग्रहालयाच्या सुट्टीचे वार आणि वेळा त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासून मगच तारीख ठरवावी, कारण आपल्या आखणीत आत शिरून पाहण्याची तेवढी एकच जागा ठेवली आहे. रोमहून जलद गाडीने फ्लॉरेन्स सुमारे दीड तासावर आहे, मिलानहून सुमारे दोन तासांवर, आणि बोलोन्याहून तर पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. तिकीट काढताना सांता मारिया नोव्हेल्ला हेच स्थानक निवडावे, कारण ते जुन्या शहराला लागून आहे. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट काढले असेल, तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा. तिकीट असूनही शिक्का नसल्यास दंड होऊ शकतो. सामान स्थानकावर पैसे भरून ठेवता येते.

साडेआठच्या सुमारास स्थानकातून बाहेर पडता येईल, अशा बेताने निघावे. पायांत जाड, मऊ तळव्याचे बूट असावेत, कारण दिवसभर दगडी फरशांवरून चालायचे आहे आणि कापशी चप्पल कितीही प्रिय असली तरी या फरसबंदीवर तिने पाय भरून येतात. चर्चमध्ये शिरायचे असेल तर खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात, त्यामुळे उन्हाळ्यातही एक ओढणी किंवा उपरणे पिशवीत असू द्यावे. पत्ता शोधताना एक बाब गोंधळात पाडते. या शहरात दुकाने व उपाहारगृहे यांचे क्रमांक लाल रंगात, तर राहत्या घरांचे निळ्या किंवा काळ्या रंगात असतात आणि दोन्ही मालिका स्वतंत्रपणे चालतात, त्यामुळे एकाच रस्त्यावर लाल पंधरा आणि निळा पंधरा एकमेकांपासून बरेच दूर असू शकतात.

स्थानकापासून कॅथेड्रल दहा मिनिटांच्या चालीवर आहे. चौकात पोहोचल्यावर आधी अष्टकोनी बाप्तिस्मागृहाकडे पाहावे, कारण या परिसरातील सर्वांत जुनी इमारत तीच आहे आणि कवी दान्तेचा बाप्तिस्मा तेथेच झाला. तिच्या पूर्वेकडील सोनेरी दरवाजासमोर नेहमी घोळका असतो. गिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे खपून घडवलेले मूळ दार आता कॅथेड्रलच्या संग्रहालयात आहे आणि चौकात दिसते ती प्रतिकृती. कॅथेड्रलची पायाभरणी १२९६ साली आर्नोल्फो दि कांबियो याच्या आराखड्यानुसार झाली, परंतु आज समोर दिसणारा पांढऱ्या, हिरव्या व गुलाबी संगमरवराचा दर्शनी भाग १८७६ ते १८८७ या काळातला आहे. म्हणजे राजाराम महाराज या शहरात आले तेव्हा एवढ्या मोठ्या मंदिराचे तोंड उघड्याबोडक्या भिंतीचेच होते. तो काळ समजून घेतला तर दिवसभर फिरताना उपयोग होतो. १८६५ पासून १८७१ पर्यंत फ्लॉरेन्स ही संयुक्त इटलीची राजधानी होती, आणि राजधानीला शोभतील असे रुंद रस्ते काढण्यासाठी नदीच्या उत्तरेकडील मध्ययुगीन तटबंदी त्याच वर्षांत पाडली जात होती. तटाचे काही दरवाजे तेवढे राखले गेले, आणि ते आज रहदारीच्या मधोमध एकाकी उभे आहेत.

कॅथेड्रलमध्ये प्रवेश विनामूल्य आहे, पण रांग लांब असते आणि आतली जागा बाहेरच्या मानाने साधी आहे. रांग छोटी दिसली तरच आत जावे. चढायचेच असेल तर घुमटाऐवजी जोत्तोचा घंटामनोरा निवडावा, असा माझा आग्रह आहे. घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि वेळ आधीच राखून ठेवावी लागते. मनोऱ्याला ४१४ पायऱ्या आहेत, आणि घुमटावर उभे राहिल्यावर जी एकमेव वस्तू दिसत नाही तो घुमटच मनोऱ्यावरून समोर दिसतो. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो उभारला. सुमारे ४५ मीटर रुंदीची पोकळी झाकायला जमिनीपासून लाकडी आधार उभारायचा तर तेवढे लाकूड आणि तेवढा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून त्याने एकात एक अशी दोन कवचे घेतली आणि विटा आडव्या थरांत मधूनमधून उभ्या रोवून अशा सांधल्या, की प्रत्येक थर पुरा होईपर्यंत उभ्या विटा आडव्यांना घसरू देत नसत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी दोन्ही चढण्या सोडून कॅथेड्रलला बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी. मागच्या बाजूने घुमटाचा खरा आवाका डोळ्यांत भरतो.

येथून दक्षिणेकडे जाणाऱ्या गजबजलेल्या रस्त्याने काही मिनिटे चालले की उजव्या हाताला एक उंच, चौकोनी, किल्ल्यासारखी इमारत लागते. तिचे नाव ओर्सानमिकेले. बहुतेक प्रवासी तिच्यावरून तसेच पुढे निघून जातात, पण मध्ययुगीन फ्लॉरेन्स कसे चालत होते हे मला या एका इमारतीत सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून येथे अर्धा तास तरी द्यावा. १३३७ साली ही इमारत धान्यबाजार म्हणून बांधायला घेतली. खाली चारही बाजूंनी उघड्या कमानी आणि त्यांत धान्याचा व्यापार, वरच्या मजल्यांवर दुष्काळासाठी साठवलेले धान्य, आणि ते खाली सोडण्यासाठी खांबांच्या आतून काढलेल्या नळ्या, अशी तिची रचना होती. बाजारातील एका देवीचित्रावर लोकांची श्रद्धा जडली, १३४८ च्या प्लेगनंतर तिला देणग्यांचा पूर आला, कमानी भिंतींनी बंद झाल्या आणि धान्यबाजाराचे देवालय झाले. आत प्रवेश सुरू असेल तर खांबांवरील धान्य सोडण्याची तोंडे अजून पाहता येतात.

बाहेरच्या भिंतींवरील चौदा कोनाडे शहरातील व्यावसायिक श्रेणींना वाटून दिले होते. लोकर, रेशीम, कातडे, शस्त्रे, गवंडीकाम अशा प्रत्येक धंद्याची श्रेणी होती, श्रेणीचा सभासद असल्याखेरीज नगराच्या कारभारात स्थान मिळत नसे, आणि प्रत्येक श्रेणीने आपल्या कोनाड्यात आपल्या संताची मूर्ती बसवायची होती. मूर्ती पाहून झाल्यावर नजर खाली, कोनाड्याच्या पायथ्याशी असलेल्या कोरीव पट्टीवर न्यावी. दगडी व लाकडी काम करणाऱ्यांच्या कोनाड्यात वर चार संत उभे आहेत आणि खाली चार कारागीर कामात गढलेले आहेत : एक भिंत रचतो आहे, दुसरा सामत्याने भोक पाडतो आहे, तिसरा माप घेतो आहे आणि चौथा छिन्नीने मूर्ती घडवतो आहे. लोहारांच्या कोनाड्यात संत एलिजियसची कथा आहे. नाल ठोकून न घेणाऱ्या घोड्याचा पायच त्याने काढून घेतला, ऐरणीवर ठेवून नाल मारला आणि पाय पुन्हा जागेवर बसवला. तीन पायांवर उभे असलेले ते घोडे आणि संताच्या हातातला तो सुटा पाय लहान मुलांना जरूर दाखवावा. दोन्ही कामे नान्नी दि बांको या शिल्पकाराची आहेत. बाहेर आता प्रतिकृती आहेत आणि बहुतेक मूळ मूर्ती याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर जपल्या आहेत. शेजारची, पुलाने जोडलेली इमारत लोकर श्रेणीची. इंग्लंडमधून आलेली लोकर येथे धुऊन, विणून, रंगवून युरोपभर विकली जाई, आणि त्या पैशावर कॅथेड्रलचे बांधकाम चाले. त्याची जबाबदारीच या श्रेणीकडे होती.

ओर्सानमिकेलेच्या पूर्वेला अरुंद गल्ल्यांचे जाळे आहे आणि तेथे नकाशा खिशात ठेवून चालले तरी फारसे बिघडत नाही. दान्तेचे घर म्हणून जे दाखवतात ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे बांधकाम आहे, त्यामुळे तिकीट काढण्याचे कारण नाही. त्याच्या समोरचा कास्तान्या मनोरा मात्र अस्सल आहे. बलाढ्य घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी असे मनोरे इतके उंच नेले होते, की १२५० साली सामान्य नागरिकांची सत्ता आल्यावर सर्व मनोरे सुमारे २९ मीटरांवर छाटण्याचा हुकूम निघाला. आज घरांच्या रांगेत मध्येच खिडक्या कमी असलेली, खडबडीत दगडांची एखादी निमुळती भिंत दिसली, तर ती अशा छाटलेल्या मनोऱ्याची समजावी.

या गल्ल्यांतून बाहेर पडताच बार्जेल्लो समोर येते. १२५५ साली बांधायला घेतलेली ही शहरातील सर्वांत जुनी सरकारी इमारत आधी न्यायाधिकाऱ्याचे निवासस्थान होती आणि नंतर कोतवाली व तुरुंग. तिच्या चौकाच्या भिंतींवर त्या अधिकाऱ्यांची कुलचिन्हे अजून जडवलेली आहेत. ३० नोव्हेंबर १७८६ रोजी फ्लॉरेन्सभोवतालच्या तोस्काना (टस्कनी) राज्याने देहदंड रद्द केला, तेव्हा फाशीचे साहित्य याच चौकात जाळण्यात आले. योगायोगाने राजाराम महाराजांची पुण्यतिथीही ३० नोव्हेंबरच आहे. आतील संग्रह मोठा आहे, पण पहिल्या मजल्यावरील एका दालनापुरते स्वतःला बांधून घ्यावे. दोनातेल्लो या शिल्पकाराचा कांस्य डेव्हिड आणि ओर्सानमिकेलेवरून आणलेला त्याचाच मूळ संत जॉर्ज तेथे आहेत. त्याच दालनात १४०१ च्या स्पर्धेतील दोन कांस्यपट्टही शेजारी शेजारी लावलेले आहेत. बाप्तिस्मागृहाच्या दाराचे काम कोणाला द्यायचे यासाठी ती स्पर्धा होती. गिबेर्ती जिंकला, हरलेला ब्रुनेलेस्की पुढे वास्तुकलेकडे वळला आणि सकाळी पाहिलेला घुमट त्याच्या हातून झाला. दोन्ही पट्टांवर विषय एकच आहे, त्यामुळे निवड योग्य झाली का, हे आपले आपण ठरवता येते. उफ्फीत्सी आणि अकादेमिया ही दोन जगप्रसिद्ध संग्रहालये मी या दिवसातून जाणीवपूर्वक वगळली आहेत. त्यांना न्याय द्यायचा तर प्रत्येकी अर्धा दिवस हवा, आणि तो मुक्काम करणाऱ्यालाच देता येतो.

बार्जेल्लोहून सांता क्रोचेच्या चर्चकडे जाताना विया तोर्ता या गल्लीतून जावे. गल्ली चालता चालता कमानीसारखी वळत जाते, कारण तिची घरे रोमन काळातील प्रेक्षागाराच्या पायावर उभी आहेत; प्रेक्षागार गेले, पण त्याची लंबवर्तुळाकार रेषा राहिली. जवळच पेरूत्सी घराण्याचा छोटा चौक आहे. पेरूत्सी आणि बार्दी हे त्या काळचे मोठे सावकार. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाला दिलेले प्रचंड कर्ज बुडाले आणि १३४० च्या दशकात दोन्ही पेढ्या कोसळल्या. त्यांच्या वैभवाच्या दिवसांत त्यांनी सांता क्रोचेमध्ये आपापली देवघरे बांधून जोत्तोकडून रंगवून घेतली होती, ती आजही आहेत. मिकेलांजेलो, गॅलिलिओ आणि माकियाव्हेल्ली यांच्या कबरीही याच चर्चमध्ये आहेत. येथे तिकीट आहे. बार्जेल्लो बंद असेल त्या दिवशी त्याच्या बदली हे चर्च आतून पाहावे. चर्चच्या मागे, मठाच्या जुन्या खोल्यांत चामड्याच्या कामाची शाळा चालते आणि कारागीर काम करताना पाहता येतात. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात, तसे तोस्कानातही झाडांच्या साली व लाकडाच्या अर्काने कातडे कमावण्याची परंपरा टिकून आहे. रस्त्यावरच्या फेरीवाल्याकडून पट्टा किंवा पाकीट घेण्यापेक्षा येथे कातड्याचा वास, कडा आणि शिवण तपासून एखादी छोटी वस्तू घ्यावी.

जेवणासाठी पूर्वेकडील सांताम्ब्रोजो बाजार सोयीचा आहे. दुपारी दोनच्या सुमारास तो आवरू लागतो, म्हणून एकपर्यंत पोहोचावे. शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही. शिळा पाव, घेवडा आणि काळपट पानांची कोबी घालून शिजवलेली रिबोल्लिता आणि टोमॅटो व पाव यांचे दाट पाप्पा अल पोमोदोरो हे दोन्ही पदार्थ गरिबांच्या स्वयंपाकघरातून आले आहेत आणि पोटभरीचे आहेत. केवळ ते मांसाच्या रश्श्यात शिजवलेले नाहीत ना, हे विचारून घ्यावे. 'सेंत्सा कार्ने' एवढे शब्द पुरतात. गाड्यांवर मिळणारे लांप्रेदोत्तो हे गाईच्या जठराचे असते, हे खाण्यापूर्वी माहीत असावे. तोस्कानातील पावात मीठ नसते, तेव्हा तो बिघडला आहे असे समजू नये. बरोबर नेलेली चटणी तेथेच कामी येते. टेबलावर बसल्यास बिलात माणशी बैठक आकार लागतो, आणि कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते.

जेवण झाल्यावर विया दे नेरी या रस्त्याने पश्चिमेकडे परतावे आणि विया सान रेमिजोच्या कोपऱ्यावर थांबून भिंतीकडे वर पाहावे. ४ नोव्हेंबर १३३३ च्या महापुराची खूण तेथे दगडात कोरली आहे. लाटांवरून वर आलेला एक हात बोटाने पाण्याची पातळी दाखवतो आहे. तिच्याही वर, रस्त्यापासून जवळपास पाच मीटर उंचीवर, ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुराची पाटी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ सालचे पंचगंगेचे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दोन खुणांमधले अंतर कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९६६ साली चिखलात सापडलेली हस्तलिखिते आणि चित्रे वाचवण्यासाठी अनेक देशांतून तरुण धावून आले होते, आणि भिजलेला कागद व चित्रे वाचवण्याच्या आजच्या अनेक पद्धती त्या कामातून घडल्या.

हाच रस्ता पालाझ्झो वेक्कियो या नगरसभागृहाच्या मागे नेतो. वळसा घालून सिन्योरिया चौकात आले की १२९९ साली बांधायला घेतलेले हे नगरसभागृह आणि त्याचा ९४ मीटर उंच मनोरा समोर येतो. मनोरा इमारतीच्या मध्यावर नाही, कारण तो एका घराण्याच्या जुन्या मनोऱ्यावर चढवला आहे. चौकाचा आकारही वाकडा आहे, कारण येथे पराभूत उबेर्ती घराण्याची घरे जमीनदोस्त केली होती आणि त्या जागेवर पुन्हा बांधकाम होऊ द्यायचे नव्हते. दारासमोरचा मिकेलांजेलोचा डेव्हिड ही प्रतिकृती आहे. मूळ पुतळा १८७३ पर्यंत येथेच उघड्यावर होता. कोपऱ्यातील कारंज्यात समुद्रदेव नेपच्यून उभा आहे, तोच टाऊन हॉलमधला आपला पोसायडन. त्याच्या जवळ पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक नळ आहे. बाटल्या तेथे फुकट भरून घ्याव्यात, कारण पुढचा पल्ला लांब आहे.

पोंते वेक्कियो हा पूल १३३३ च्या पुरात वाहून गेलेल्या पुलाच्या जागी १३४५ साली बांधला. त्यावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. पुलावरच्या मार्गिकेतून राज्यकर्त्यांची ये-जा असल्यामुळे दुर्गंधी नको म्हणून १५९३ च्या हुकुमाने ती हलवून सोनारांना जागा दिली. आजही पूल म्हणजे नदीवर उचलून ठेवलेली गुजरीच आहे. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील बाकीचे सर्व पूल उडवले, हा एक राहिला. पुलावर फार वेळ काढू नये. पलीकडच्या सांता त्रिनिता पुलावरून तो अधिक चांगला दिसतो, आणि दुकानांच्या मागच्या खोल्या लाकडी टेकूंवर पाण्याकडे कशा झुकल्या आहेत, हेही तेथूनच कळते.

येथे दुपारचे तीन-साडेतीन झालेले असावेत. काशिने उद्यान नदीच्या उत्तर काठाने तीन किलोमीटरांहून अधिक पसरले आहे आणि स्मारक त्याच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, ही गोष्ट नकाशावर आधी नीट पाहून ठेवावी. पुष्कळ जण उद्यानाच्या तोंडाशी येऊन स्मारक शोधत राहतात. स्थानकाजवळून ट्रामच्या पहिल्या मार्गाने 'काशिने' थांब्यावर उतरावे आणि नदीकाठच्या झाडीतून सरळ पश्चिमेकडे चालत राहावे. रमतगमत तासभर लागतो. रस्ता सपाट आहे, त्यामुळे भाड्याची सायकल उत्तम. ज्येष्ठांनी स्थानकावरील टॅक्सीतळावरून टॅक्सी करावी आणि 'मोनुमेंतो आल्लिंदियानो' असे सांगावे. तेथे महाराजांच्या नावाने कोणी ओळखणार नाही; स्मारक, पलीकडचा पूल आणि आजूबाजूचा परिसर या सर्वांनाच ते लोक 'इंदियानो' म्हणतात.

स्मारकात छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, डोक्यावर पागोटे आणि अंगावर अलंकार. तो चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. चौथऱ्यावर इटालियन, इंग्रजी आणि भारतीय भाषांतील लेख आहेत. त्या काळी शहरात मृतदेह जाळण्याची रीत नव्हती, त्यामुळे दहनासाठी खास परवानगी मिळवावी लागली आणि हिंदू रीतीप्रमाणे संगमावर अग्निसंस्कार झाला. पंचगंगेच्या घाटावर राजघराण्यातील समाध्या पाहत वाढलेल्या माणसाला वाटेल ते वाटू द्यावे आणि घाई करू नये. फुले वाहायची असतील तर सकाळीच बाजारातून घेऊन ठेवावीत, ती पायथ्याशी ठेवावीत, चौथऱ्यावर चढू नये आणि निरांजन किंवा उदबत्ती पेटवू नये, कारण ते सार्वजनिक उद्यान आहे आणि आजूबाजूला कोरडी पाने असतात. मुले बरोबर असतील तर त्यांना येथेच सांगावे की महाराजांच्या मागे गादी दत्तकांकडे गेली आणि त्याच परंपरेत १८८४ साली दत्तक आलेले यशवंतराव म्हणजे आपले राजर्षी शाहू महाराज. पलीकडे दिसणारा तारांचा पूल १९७० च्या दशकातला आहे. त्याच्या पोटाखालून पादचाऱ्यांचा मार्ग जातो आणि त्यावरून दोन्ही नद्यांचा संगम वरून दिसतो.

नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत येथे पाच-साडेपाचच्या सुमारास अंधार पडतो आणि उद्यानाचे हे टोक निर्मनुष्य होते. त्या दिवसांत क्रम उलटा करावा : सकाळी गाडीतून उतरताच टॅक्सीने थेट स्मारकावर यावे, साडेदहापर्यंत शहरात परतावे आणि मनोऱ्याची चढण सोडून द्यावी. जून-जुलैमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा उलट दुपारच्या उन्हात चर्चच्या सावलीत बसून पाचनंतर काशिनेकडे निघणे बरे. परतीची गाडी कोणत्याही ऋतूत संगमावरून निघण्याच्या वेळेनंतर किमान दोन तासांची धरावी, कारण ट्रामपर्यंतची चाल, स्थानकावर सामान सोडवणे आणि रात्रीसाठी काही खायला घेणे यांत तो वेळ सहज जातो.